गोफणगुंड्याची फिरकी : जिंतूरच्या काळ्या रानातील एका अस्त्राचा इतिहास

जिंतूर तालुक्यात गोफण हे आधी शेतीचे अवजार आणि मग हत्यार. अजिंठा डोंगराची पूर्वेकडे निघालेली जिंतूर-हिंगोलीची रांग तालुक्याच्या उत्तरेला आहे. नेमगिरीच्या टेकड्यांपासून या भागात मुरमाड, बरड जमीन आणि दगडगोटे भरपूर. दक्षिणेकडे, पूर्णेच्या खोऱ्यात उतरले की भारी काळी जमीन लागते. तिच्यात हातभर खणले तरी मुठीएवढा दगड सापडेलच असे नाही. एकाच तालुक्यात शेजारीशेजारी असलेल्या या दोन जमिनींमुळे गोफणीत काय घालायचे याची उत्तरेही दोन झाली. सुटलेला गुंडा हवेत कसा जातो, किती वळतो आणि किती लांब पडतो, हे बऱ्याच अंशी त्या उत्तरावर अवलंबून असते.

गोफणीचा खरा हंगाम रब्बी ज्वारीचा. हस्त-चित्रा नक्षत्रांच्या सुमारास पेरलेली ज्वारी पौषात चिकात येते, पुढे हुरड्याची होते, आणि दाणा टणक होईपर्यंतचे तीन-चार आठवडे पाखरांचे असतात. चिमण्या, होले, साळुंक्या आणि राघू गावातलेच. भोरड्या मात्र मध्य आशियातून हिवाळ्यासाठी दख्खनेत उतरतात, आणि त्यांचा थवा एकदा कणसांवर बसला की अर्ध्या तासात वाफ्याचे वाफे पोचे होतात. (याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात, पण ज्वारीवाल्यापुढे त्यांची बाजू कोणी मांडत नाही.) म्हणून शेताच्या मधोमध चार मेढी रोवून माळा उभा करायचा, दिवस उगवताना आणि पुन्हा ऊन कलल्यावर त्यावर उभे राहायचे, आरोळी द्यायची आणि गोफण फिरवायची. हे काम घरातल्या पोरांचे, म्हाताऱ्यांचे आणि बायकांचेही होते. गडीमाणूस त्या वेळी दुसऱ्या कामाला लागलेला असे.

गोफणीची घडण साधी आहे. अंबाडीचा किंवा तागाचा वाख वळून दोन दोऱ्या करतात आणि त्यांच्यामध्ये तळहाताएवढा पट्टा विणतात. कुठे सुताचा, कुठे चामड्याचा पट्टाही असतो. एका दोरीच्या टोकाला बोट अडकवण्यापुरता फास असतो. दुसरी दोरी नुसती चिमटीत धरतात आणि तिच्या शेवटाला वाखाचा पिंजारलेला झुपका ठेवतात. गुंडा सुटतो त्या क्षणी हा झुपका आसुडाच्या टोकासारखा झटकला जातो आणि कडाका उडतो. पाखरे पुष्कळदा या आवाजानेच उठतात, गुंडा मागाहून पोचतो. राखणीतला गोफणगुंडा पाखराला लागावा अशी अपेक्षाच नसते. थव्याच्या पलीकडे धांड्यांत तो खसकन पडला की काम झाले.

गुंड्याचे साहित्य जमिनीप्रमाणे बदलते. डोंगराकडच्या शिवारात आणि नाल्याच्या काठाला गोटे वेचून माळ्यावर ढीग करता येतो. काळ्या रानात मात्र ढेकळे फेकतात, नाहीतर ओल्या मातीचे गोळे वळून उन्हात वाळवतात. मातीच्या गुंड्याचे काही फायदे दगडाला नाहीत. तो शेतातच फुटतो आणि पहिल्या पावसात विरघळतो, त्यामुळे काढणीच्या वेळी विळ्याखाली आणि पुढे वखराच्या पासेखाली दगड येत नाहीत. तोटाही काळ्या मातीच्या स्वभावातलाच. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज ओलीने फुगते आणि वाळताना आक्रसते. शेताला उन्हाळ्यात भेगा पडतात तशाच चिरा गुंड्यालाही पडतात, आणि चिरलेला गुंडा जोराच्या फेकीत हवेतच फुटतो.

दगडाच्या जागी माती वापरण्याची युक्ती फार जुनी आहे. सीरियातील हमूकार येथे इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमाराच्या जळलेल्या भिंतींच्या ढिगाऱ्यात मातीचे हजाराहून अधिक गुंडे मिळाले. तोही नद्यांच्या गाळाचा, दगडांची वानवा असलेला प्रदेश. सीझरच्या वृत्तांतात गॉलमधील टोळ्यांनी तापवून लाल केलेले मातीचे गुंडे रोमन छावणीच्या गवती छपरांवर फेकल्याचा प्रसंग येतो. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर भाजक्या मातीचे गोळे मिळतात. महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खननांतही दगडाचे आणि मातीचे गोल गोळे निघाले असून उत्खननकर्ते त्यांची नोंद गोफणगुंडे म्हणून करतात. यांपैकी काही वजने, काही खेळणी आणि काही शेगडीवर भांडे टेकवायचे आधारही असू शकतील. वाखाची गोफण जमिनीत टिकत नाही, त्यामुळे निवाडा गोळ्याचा आकार पाहूनच करावा लागतो.

लेखी पुरावा अधिक ठोस आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराच्या अध्यक्षाची कामे सांगताना दगडी आयुधांच्या यादीत गोफण येते, म्हणजे राज्याच्या शस्त्रागारात तिला जागा होती. सुश्रुतसंहितेत जखमेवर बांधायच्या चौदा बंधांपैकी एकाचे नाव गोफणा आहे. हनुवटी, नाक, ओठ, खांदा अशा उंचसखल भागांवर तो बांधावा असे सांगितले आहे. मध्ये रुंद पट्टा आणि दोन्हीकडे निमुळत्या पट्ट्या, अशी त्याची रचना. वैद्यांना ही वस्तू इतकी परिचित होती की बंधाचे वर्णन करायला तिचे नावच पुरेसे झाले.

आता गुंड्याच्या उड्डाणाकडे. गोफण डोक्याभोवती दोन-तीन वेळा गरगर फिरते आणि चिमटीतली दोरी सुटते. त्या क्षणी गुंडा वर्तुळाच्या स्पर्शरेषेत सरळ निघतो. तो वर्तुळात फिरत होता म्हणून पुढेही वळतच जाईल ही समजूत चुकीची आहे. हाताभोवतीचे फिरणे दोरी सुटताच संपते. हवेत गुंडा डावी-उजवीकडे वळला, तर त्याचे कारण हाताभोवतीच्या फेऱ्यांत नसून गुंड्याच्या स्वतःभोवतीच्या गिरकीत असते.

पाच सेंटिमीटर व्यासाचा एक गोल गुंडा हिशेबाला घेतला तर चित्र स्पष्ट होते. दख्खनच्या काळ्या बसाल्टची घनता पाण्याच्या सुमारे २.९ पट धरल्यास तो १९० ग्रॅम भरतो, आणि वाळक्या मातीचा तेवढाच गुंडा ११८ ग्रॅमच्या आसपास. हात आणि दोरी मिळून त्रिज्या १.२ मीटर आणि वेग सेकंदाला ३० मीटर असेल, तर सुटण्यापूर्वी दगडी गुंडा बोटांना सुमारे १४ किलो वजनाइतका ओढतो. त्या वेळी गोफण सेकंदाला चार फेऱ्यांच्या गतीने फिरत असते. दोरी सोडण्यात सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक झाली तरी दिशा १४ अंशांनी बदलते, आणि साठ मीटरवर ही चूक पंधरा मीटरची होते. नवशिक्याचा गुंडा पुढे जायचा सोडून शेजारच्या बांधावर, कधी मागेच जातो, त्यात फिरकीचा काही दोष नसतो. हाताची वेळ साधली की मगच फिरकीचा परिणाम मोजण्याजोगा होतो.

गुंड्याला गिरकी दोन वाटांनी मिळते. पहिली वाट वारशाची आहे. पट्ट्यात बसलेला गुंडा गोफणीच्या प्रत्येक फेरीबरोबर स्वतःभोवतीही एकदा फिरतो, आणि तेवढी गिरकी घेऊनच तो बाहेर पडतो. सेकंदाला चार गिरक्या म्हणजे पाच सेंटिमीटरच्या गुंड्याच्या पृष्ठभागाची गती सेकंदाला जेमतेम ६० सेंटिमीटर. गुंड्याच्या वेगापुढे ही नगण्य आहे. दुसरी वाट घर्षणाची. दोरी सुटल्यावर पट्टा पलटतो आणि गुंडा त्यावरून घसरत किंवा लोळत बाहेर येतो. ही घटना क्षणार्धात आटोपते, पण खरी गिरकी तिथेच भरते. खरबरीत वाखाचा पट्टा गुंड्याला धरून फिरवतो, गुळगुळीत चामड्यावरून तो घसरून निघतो. पट्टा कोणत्या बाजूने पलटतो, चिमटीतली दोरी पुढची की मागची, गुंडा पट्ट्याच्या मधोमध बसला आहे की कडेला, यावर या गिरकीची दिशा ठरते. ती वारशाच्या गिरकीत भर घालू शकते किंवा तिला मोडूनही काढू शकते. एकाच माणसाचे लागोपाठचे दोन गुंडे वेगळे वागतात ते यामुळे.

गिरकीचा अक्ष गोफण कोणत्या पातळीत फिरली त्यावर ठरतो. डोक्यावर आडवी फिरवली तर अक्ष उभा असतो आणि गुंडा बाजूला वळतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याची गोफण वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरते, म्हणून नुसत्या वारशाच्या गिरकीने गुंडा डावीकडे झुकेल. गोफण अंगाच्या बाजूने उभी फिरवून खालून वर सोडली, तर गुंड्याचा खालचा भाग पुढे आणि वरचा मागे फिरतो. अशा उलट्या गिरकीने हवा त्याला थोडा उचलून धरते आणि तो लांब जातो. खांद्यावरून पुढे फेकल्यास वारशाची गिरकी याच्या विरुद्ध असते आणि गुंडा लवकर खाली येतो.

फिरत्या गोळ्याला हवा बाजूला का ढकलते, याचा शोध तोफबंदुकांच्या काळात लागला. इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये तोफशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. बंदुकीची गोळी नळीत घासून फिरू लागते आणि म्हणून वाटेत वळते, असे त्यांचे म्हणणे होते. ते पटवण्यासाठी त्यांनी नळीचे टोक डावीकडे वाकवून गोळी झाडली. गोळी आधी डावीकडे गेली आणि मग नळीच्या वाकाविरुद्ध, उजवीकडे वळली. हेच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी हिंदुस्थानात आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारले. बर्लिनचे हाइनरिख गुस्टाव्ह मॅग्नस यांनी १८५२ च्या सुमारास प्रयोगशाळेत हे बल दाखवले आणि त्याला त्यांचेच नाव पडले. मान खरे तर रॉबिन्स यांचा होता. गिरकी घेणारा गोळा आपल्याभोवतीची हवा एका बाजूला वळवतो, आणि हवा त्याला दुसऱ्या बाजूला ढकलते. गिरकी आणि वेग जितके जास्त तितका हा रेटा जास्त.

आधी हिशेबाला घेतलेल्या त्याच गुंड्याला सेकंदाला वीसेक गिरक्या मिळाल्या असे धरले, तर साठ मीटरच्या फेकीत दगडी गुंडा एक मीटरच्या आसपास वळेल. मातीचा गुंडा हलका, पण हवेपुढे येणारे त्याचे क्षेत्रफळ तेवढेच. त्यामुळे तो पावणेदोन मीटरपर्यंत सरकेल. हवेच्या रोधाचेही तसेच आहे. सुटताना दगडी गुंड्यावरचा रोध त्याच्या वजनाच्या पाव पटीहून थोडा जास्त असतो, मातीच्या गुंड्यावर चाळीस टक्क्यांहून अधिक. म्हणून काळ्या रानातला गुंडा डोंगराकडच्या गोट्याइतका लांब जात नाही आणि त्याच्याइतका सरळही जात नाही. तुलनेसाठी क्रिकेटचा चेंडू घ्यावा. त्याचे वजन सुमारे १६० ग्रॅम, पण आकार मोठा असल्याने तेवढ्याच वजनामागे तो दगडी गुंड्याच्या अडीच पट हवा अंगावर घेतो. फिरकी गोलंदाजाला हवेतून जी मदत मिळते तिचा लहानसा हिस्साच गोफणीच्या वाट्याला येतो.

गोटा गोल नसेल तर प्रश्न आणखी वेगळा होतो. नाल्यातला गोटा बहुधा चपटा-लांबट असतो, म्हणजे त्याच्या तीन बाजूंची लांबी तीन तऱ्हेची. अशी वस्तू सर्वांत लांब किंवा सर्वांत आखूड अक्षाभोवती स्थिर फिरते. मधल्या अक्षाभोवती फिरवली की ती हेलकावे खाऊन कोलांट्या घेऊ लागते. आगपेटी वर उडवून हे कोणालाही पाहता येते. कोलांट्या घेणारा गोटा कधी धारेने, कधी पसरट अंगाने हवा कापतो आणि मध्येच दम सोडतो. लांबट गुंडा आपल्या लांब अक्षाभोवती फिरला तरच त्याचे टोक पुढे राहते. बंदुकीच्या नळीतल्या आट्या गोळीला नेमकी हीच गिरकी देतात. गोफणीतून ती मिळवायला पट्ट्याची वीण आणि मनगटाचा पीळ दोन्ही जुळावे लागतात. ग्रीक आणि रोमन गोफणदार शिशाचे, दोन्ही टोकांना निमुळते गुंडे वापरत. शिसे बसाल्टच्या जवळजवळ चौपट जड असल्याने लहान गुंड्यात भरपूर वजन मावे आणि हवा त्याला कमी अडवी. झेनोफनच्या वृत्तांतानुसार इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये ऱ्होड्स बेटाच्या गोफणदारांनी इराणी गोफणदारांच्या दुप्पट अंतर गाठले, कारण इराणी लोक मुठीएवढे मोठे दगड वापरत. अलीकडच्या काळात १९८१ मध्ये अमेरिकेत ५२ ग्रॅमचा दगड ४३७ मीटर गेला. १९९२ मध्ये तिथेच ४७७ मीटरची नोंद झाली, ती दगडाने नव्हे, तर गोफणीतून सोडलेल्या शेपटीच्या बाणाने. शेपटी बाणाचे टोक पुढे ठेवते आणि गिरकीची गरजच उरत नाही.

शिशाचा गुंडा जिंतूरच्या माळ्यावर कोणी नेला नाही, आणि नेण्याचे कारणही नव्हते. भोरड्यांचा थवा वीस-तीस मीटर पसरलेला असतो. त्यापुढे दीड मीटरचे वळण कोण मोजतो? हाताशी असलेली माती चालून जात होती म्हणून गुंड्याचा आकार सुधारण्याची निकडच या भागात निर्माण झाली नाही. लांबट गोटा मिळाला तर तो, नाहीतर ढेकूळ. गोफण विणण्यात मात्र कसर नसे, कारण कडाका नीट उडाला नाही तर पाखरू उठत नाही.

माणसांविरुद्ध गोफण उठली तिथे नेम आणि मार या दोन्हींना महत्त्व आले. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. याच संस्थानाच्या तेलंगण भागात शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्यात खेडुतांनी निजामाच्या बाजूच्या रझाकारांना आणि जमीनदारांच्या माणसांना अडवण्यासाठी गोफणींचा वापर केला. तेलुगूत तिला वडिसेल म्हणतात, आणि तीही तिथे पिकांच्या राखणीचीच. ज्यांच्याकडे बंदुका नव्हत्या त्यांच्या घरी गोफण खुंटीला टांगलेली होतीच. मध्य प्रदेशातील पांढुर्णा या मराठीभाषक गावी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीत गोटमार होते. नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. तिथे प्रशासन गोफणीवर बंदी घालते. हाताने भिरकावलेला दगड आणि गोफणीचा दगड यांतला फरक साधा आहे. वेग दुप्पट झाला की माराची ऊर्जा चौपट होते.

राखणीची गोफण मागे पडली ती पीक बदलल्यामुळे. पूर्णेवर येलदरीचे धरण याच तालुक्यात बांधले गेले आणि कालव्याखालच्या पट्ट्यात बागायत आली. पुढे कापूस आणि सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. या दोन्ही पिकांच्या दाण्यावर थवे उतरत नाहीत, तेव्हा माळ्याची गरज संपली. जिथे रब्बी ज्वारी उरली तिथे अडचण उलटी झाली आहे. पूर्वी शिवारभर ज्वारी असे आणि पाखरांचा उपद्रव वाटला जाई. आता एकट्या एकरावर सगळा थवा उतरतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी ज्योती, परभणी शक्ती असे ज्वारीचे वाण दिले, पण दाणा गोड असला की पाखरू येणारच, आणि राखणीला मजुरी देणे एकरभर ज्वारीला परवडत नाही. म्हणून चकाकणाऱ्या फिती, जुन्या साड्या, भोंगे आणि कार्बाइडची आवाज करणारी नळी वापरात आली. या नळीतून गुंडा सुटत नाही, नुसता कडाका उडतो.

बाजारात मिळणाऱ्या नव्या गोफणी नायलॉनच्या दोरीच्या असतात. नायलॉन कुजत नाही आणि पावसात वाखाइतके फुगत नाही. त्याचा गुळगुळीत पट्टा गुंड्याला वाखाइतका धरून ठेवत नाही, म्हणून गुंडा लोळण्यापेक्षा घसरून निघतो आणि त्याला गिरकी कमी मिळते. असा गुंडा कमी वळतो. पण गोटा लांबट असेल तर गिरकीअभावी त्याचे टोकही स्थिर राहत नाही, तेव्हा नायलॉनच्या गोफणीला गोल गोटाच जास्त मानवतो.